समाजाचा हिशेब कोण लिहिणार?

रमजान हा हिशेबाचा महिना आहे. किती रोजे झाले, किती सुटले, कुराणाचे किती पारे वाचून झाले, याची नोंद घरातली वयस्कर माणसेही बोटांवर ठेवतात. अखेरच्या दहा दिवसांत तर दागिने, बँकेतली शिल्लक, दुकानातला माल आणि देणी-येणी मांडून जकातीचा अडीच टक्क्यांचा आकडा काढला जातो. या साऱ्यामागच्या विचाराला एहतिसाब म्हणतात. दुसऱ्याने जाब विचारण्याआधी माणसाने स्वतःचा हिशेब स्वतः घ्यावा, असा त्याचा अर्थ. व्यक्ती हा हिशेब घेते, कुटुंब घेते. समाज म्हणून तो कोण घेतो?

वसई-विरारचेच उदाहरण पाहता येईल. या शहरातली किती मुस्लिम कुटुंबे स्वतःच्या मालकीच्या घरात राहतात आणि किती भाड्याने? दहावीनंतर किती मुली कॉलेजात जातात आणि त्यातल्या किती पदवीपर्यंत टिकतात? वालीवच्या गाळ्यांत कामाला जाणाऱ्या तरुणांपैकी किती जणांचा भविष्यनिर्वाह निधी कापला जातो? मशिदीबाहेर, इफ्तारनंतरच्या गप्पांत या प्रश्नांची उत्तरे मोठ्या ठामपणे दिली जातात. आकडा कुठून आला असे विचारले की गप्पा थांबतात. राजकीय पक्षांची भाषणेही याच अंदाजांवर चालतात आणि विरोधकांचे आरोपही.

अंदाजाच्या जागी माहिती आणण्याचे काम ज्याचे, तो राज्यशास्त्र किंवा समाजशास्त्रात एम.ए. करून संशोधनाला लागलेला विद्यार्थी असतो. तो फारसा कोणाच्या नजरेत नसतो. गेल्या काही वर्षांत त्याच्या पायाखालचा आधारच काढून घेतला गेला आहे, आणि त्याची चर्चा व्हायला हवी तेवढी झालेली नाही.

न मोजलेला जिल्हा

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. देशाची शेवटची जनगणना त्याआधी, २०११ मध्ये झाली. २०२१ ची जनगणना लांबली. म्हणजे वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा या आठ तालुक्यांचा हा जिल्हा ‘पालघर’ म्हणून त्या पंधरा वर्षांच्या काळात एकदाही मोजला गेला नाही. जुन्या ठाणे जिल्ह्याच्या आकड्यांतून त्याचे आकडे वेगळे काढावे लागतात. आता १ मार्च २०२७ या संदर्भ तारखेने जनगणना होईल आणि तिच्यात जातीचीही नोंद होणार आहे.

या पंधरा वर्षांत वसई-विरार किती बदलले हे सांगायला जनगणनेची गरज नाही. सकाळची विरार लोकल पुरेशी आहे. तरीही जुने आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. २००१ मध्ये विरार, नालासोपारा, नवघर-माणिकपूर आणि वसई या चार नगरपालिकांची लोकसंख्या मिळून पावणेपाच लाखांच्या आसपास होती. ३ जुलै २००९ रोजी या नगरपालिका आणि भोवतालची गावे मिळून महापालिका झाली आणि २०११ मध्ये तिची लोकसंख्या १२ लाख २२ हजार भरली. याची सुरुवात १९८८ मध्ये झाली. त्या वर्षी राज्य सरकारने वसईतील हजारो हेक्टर हरित जमीन बांधकामासाठी खुली केली, पुढे सिडको नियोजन प्राधिकरण म्हणून आले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्यांनी ‘हरित वसई’ची चळवळ उभी केली ती याच काळात. मुंबईत परवडेनासे झालेले गिरणगावातले मराठी कुटुंब इथे आले, कोकणातला चाकरमानी आला, उत्तर भारतीय कारागीर आला. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतील मिश्र वस्त्यांतून बाहेर पडलेली अनेक मुस्लिम कुटुंबे मुंब्रा आणि मीरा रोडकडे गेली, तशी आणखी पुढे नालासोपाऱ्यापर्यंतही आली.

त्यामुळे इथला मुस्लिम समाज एकसंध नाही. सोपारा गावातली, वसई कोळीवाड्यातली जुनी कोकणी मुस्लिम घरे शाफई मसलकाची आहेत. त्यांच्या बोलीत कोकणी-मराठीची गोडी आहे, शेतीवाडीची आठवण आहे. नालासोपारा पूर्वेला, पेल्हार-धानिव बागेच्या पट्ट्यात गेल्या तीस वर्षांत उभ्या राहिलेल्या वस्त्यांत हनफी मसलकाची, उर्दू-हिंदी-भोजपुरी बोलणारी, उत्तर प्रदेश-बिहारहून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. तरावीहला एकाच सफेत उभे राहणाऱ्या या दोघांच्या घरातले प्रश्न सारखे नाहीत. एकाला वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्याची चिंता आहे, दुसऱ्याला अकरा महिन्यांच्या भाडेकराराची. सरकारी कागदावर मात्र दोघेही एकाच रकान्यात येतात.

हा तपशील माहीत नसल्याने काय होते, ते अलीकडच्या दोन घटनांतून दिसले. नालासोपारा पूर्वेला कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव असलेल्या जागेवरच्या ४१ अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२५ च्या सुरुवातीपर्यंत पाडल्या गेल्या. हजारो माणसे रस्त्यावर आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारमध्ये रमाबाई अपार्टमेंट कोसळून १७ जणांचा बळी गेला. दोन्ही ठिकाणी सर्व धर्मांची साधी कुटुंबे होती. त्यांनी घर घेताना कोणती कागदपत्रे पाहिली, कर्ज कोणाकडून घेतले, अधिकृत इमारतीत घर का परवडले नाही, पाडकामानंतर ती कुठे गेली, मुलांच्या शाळेचे काय झाले? चौकशी समिती बिल्डर आणि अधिकारी यांच्यापर्यंत जाते. कुटुंबांपर्यंत जाण्याचे काम समाजशास्त्राचे आहे, आणि ते करायला माणूस लागतो.

राजकारणाच्या अभ्यासकालाही इथे भरपूर काम आहे. महापालिका झाल्यापासून गावे वगळण्याचा वाद चालला. २०२० च्या जूनमध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर पुढची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली साडेपाच वर्षे प्रशासकाने कारभार पाहिला. १९९० पासून वसईच्या राजकारणावर पकड असलेल्या हितेंद्र ठाकूर यांचा २०२४ च्या विधानसभेत पराभव झाला. नगरसेवक नसताना नळजोडणीसाठी, दाखल्यासाठी लोक कोणाकडे जात होते? कार्यकर्ता, बिल्डर, मशिदीचा विश्वस्त, इमारतीचा सचिव यांच्यापैकी कोणाचा शब्द चालत होता? लोकशाही वॉर्डात प्रत्यक्ष कशी चालते याचे उत्तर या प्रश्नांत आहे.

ताम्रपटापासून भाडेकरारापर्यंत

याच जिल्ह्यातल्या जुन्या इतिहासाचे एक उदाहरण या संदर्भात मोलाचे आहे. डहाणू तालुक्यातल्या चिंचणी येथे राष्ट्रकूट काळातले ताम्रपट सापडले. इ.स. ९२६ च्या ताम्रपटावरून कळते की राष्ट्रकूट राजा दुसरा कृष्ण याच्या काळापासून संजाण मंडळाचा कारभार मधुमती नावाच्या ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे होता. ‘मधुमती’ हे ‘मुहम्मद’ या नावाचे संस्कृत रूप असल्याचे अभ्यासक मानतात. या अधिकाऱ्याने लोकांसाठी मोफत तर सुरू केली, अन्नछत्र चालवले, आणि देवीच्या मठाला दान देण्यास साहाय्य केले. प्राच्यविद्येचे अभ्यासक दि. चं. सरकार यांनी हे ताम्रपट वाचून प्रसिद्ध केले.

आज कोणी या किनाऱ्यावर मुस्लिम ‘बाहेरचे’ असल्याचे म्हटले, तर अकराशे वर्षांपूर्वीचा हा पुरावा समोर ठेवता येतो. तो ठेवता येतो याचे कारण कोणीतरी वर्षानुवर्षे लिपी शिकली, अक्षर अक्षर लावले आणि निष्कर्ष छापला. तांब्याचा पत्रा जमिनीत होताच, त्याला इतिहास अभ्यासकाने केले.

आजच्या नालासोपाऱ्याचे ताम्रपट म्हणजे भाडेकरार, रेशन कार्ड, शाळेचे जनरल रजिस्टर, मशिदीच्या ट्रस्टचे ठराव आणि निकाहनाम्याच्या वह्या. हे कागद पावसाळ्यात भिजतात, इमारत पडली की ढिगाऱ्याखाली जातात. त्यांचा वाचक आजच तयार झाला नाही, तर पन्नास वर्षांनी या शहराविषयी फक्त पोलिसांच्या नोंदी आणि निवडणुकीचे निकाल उरतील.

पंचविशीतल्या विद्यार्थ्याचा निबंध

विद्यार्थ्याचे संशोधन म्हणजे पदवीसाठी भरायची पाने, असा एक समज आहे. महाराष्ट्राला तरी हा समज परवडणारा नाही. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या एका भारतीय विद्यार्थ्याने भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. जात टिकते ती जातीबाहेर लग्न न करण्याच्या बंधनामुळे, हे त्याचे प्रतिपादन होते. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. पुढच्या वर्षी तो निबंध नियतकालिकात छापला गेला आणि शंभर वर्षांनंतरही जातीवरचा अभ्यास त्याला टाळून पुढे जात नाही.

हा विद्यार्थी तिथे पोहोचला तो बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा १९१७ मध्ये लंडनमधला अभ्यास अर्धवट टाकून त्याला परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून, पैसे साठवून, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून कर्ज घेऊन १९२० मध्ये तो पुन्हा लंडनला गेला. आंबेडकरांच्या बुद्धीलाही जर शिष्यवृत्ती संपल्यावर तीन वर्षे थांबावे लागले, तर इतरांचे काय, हा विचार प्रत्येक धोरणकर्त्याने करावा असा आहे.

मुस्लिम समाजाच्या अभ्यासाचीही मुंबईत परंपरा आहे. मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९ पासूनचा, देशातल्या सर्वांत जुन्या विभागांपैकी एक. याच विद्यापीठातले प्रा. ए. आर. मोमीन यांनी वसईला लागून असलेल्या भिवंडीतील मुस्लिम समाजाचा अभ्यास केला. इम्तियाज अहमद यांनी संपादित केलेल्या मुस्लिमांमधील जातिव्यवस्थेवरील ग्रंथात तो समाविष्ट आहे. इस्लाममध्ये जात नाही, पण मुस्लिमांच्या बिरादऱ्यांमध्ये रोटी-बेटीचे नियम आहेत, हे वास्तव अशा अभ्यासांनी मांडले. ते ऐकायला सुखाचे नव्हते. पुढे पसमांदा आणि मुस्लिम ओबीसींचा प्रश्न समजून घेताना मात्र अशाच अभ्यासांचा उपयोग झाला.

एका सर्वेक्षणाचे गणित

असे काम आज वसई-विरारमध्ये करायचे म्हटले तर काय लागेल? तीनशे घरांचे सर्वेक्षण हे पीएच.डी.साठी माफक म्हणावे लागेल. प्रत्येक घरी किमान दोन फेऱ्या, म्हणजे सहाशे भेटी. पुरुष कामावरून रात्री परततात, बायका दुपारी मोकळ्या असतात, त्यामुळे दिवसाला चार भेटी झाल्या तरी पुष्कळ. म्हणजे दीडशे दिवस केवळ दारोदार फिरण्यात गेले. त्याआधी घरे निवडायची कशी हा प्रश्न. मतदार याद्यांवरून निवडावी तर अनेक भाडेकरूंची नावे अजून गावच्या यादीत असतात. मग इमारतीनुसार स्वतःच यादी करावी लागते. त्यानंतर मुलाखती उतरवून काढणे, आकडे लावणे, काहीशे पानांचा प्रबंध लिहिणे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि साधारणपणे कमाल सहा वर्षे मिळतात.

शिवाय विश्वासाचा प्रश्न आहे. नागरिकत्व कायद्यावरून २०१९-२० मध्ये उठलेल्या वादळानंतर हातात फॉर्म घेऊन आलेल्या माणसाला पाहून मुस्लिम वस्तीत पहिला प्रश्न येतो तो ‘कागद कशाला हवेत?’ हाच. बाहेरून आलेल्या सर्वेक्षकाला चहा मिळतो, खरे उत्तर मिळतेच असे नाही. त्याच वस्तीत वाढलेल्या, तिथल्या उर्दू शाळेत शिकलेल्या मुलीला मात्र स्वयंपाकघरापर्यंत प्रवेश असतो. बाईच्या कमाईविषयी, तलाकविषयी, कर्जाविषयी बोलणे तिथेच होते.

आता या मुलीच्या घरची बाजू. नालासोपाऱ्याहून लोकल पकडून कालिन्याला जायचे, परत येताना शिकवण्या घ्यायच्या. वडिलांचा हातगाडीचा किंवा शिवणकामाचा व्यवसाय. घरात लग्नाचा विषय निघालेला. तिला महिन्याला ठरावीक रक्कम मिळत असेल तर ‘मुलगी शिकतेही आहे आणि घराला हातभारही लावते आहे’ असे तिच्या आईला नातेवाइकांना सांगता येते. ती रक्कम बंद झाली की सहा वर्षांचे संशोधन हा सधन घरातल्या मुलांचा विषय होतो. फेलोशिपकडे पाहताना एवढे लक्षात घेतले पाहिजे.

बंद झालेली फेलोशिप

सच्चर समितीचा अहवाल ३० नोव्हेंबर २००६ रोजी संसदेत मांडला गेला. वीस वर्षांवरील मुस्लिमांमध्ये पदवी किंवा पदविका घेतलेल्यांचे प्रमाण चार टक्क्यांहून कमी, आणि नामांकित महाविद्यालयांतील पदव्युत्तर वर्गांत पन्नास विद्यार्थ्यांमागे एक मुस्लिम, असे चित्र त्यातून पुढे आले. या पार्श्वभूमीवर २००९ मध्ये मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप सुरू झाली. एम.फिल. आणि पीएच.डी. करणाऱ्या मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, जैन आणि पारशी विद्यार्थ्यांसाठी ती होती. संशोधनाच्या पहिल्या टप्प्यात महिना ३१ हजार आणि नंतर ३५ हजार रुपये असे तिचे स्वरूप अखेरच्या काळात होते.

८ डिसेंबर २०२२ रोजी तत्कालीन अल्पसंख्याक व्यवहार मंत्री स्मृती इराणी यांनी लोकसभेत सांगितले की २०२२-२३ पासून ही फेलोशिप बंद करण्यात येत आहे. उच्च शिक्षणासाठी इतर अनेक योजना असून त्यांत अल्पसंख्याक विद्यार्थीही येतात, त्यामुळे दुबार लाभ होतो, असे कारण देण्यात आले. २०१४-१५ ते २०२१-२२ या काळात ६,७२२ विद्यार्थ्यांची निवड झाली आणि ७३८ कोटी ८५ लाख रुपये वाटले गेले, ही माहितीही सरकारनेच दिली. वर्षाला सरासरी ९२ कोटींच्या आसपास. आधीच निवड झालेल्यांना मुदत संपेपर्यंत रक्कम मिळत राहील असे आश्वासन होते. प्रत्यक्षात ती महिनोन्‌महिने रखडल्याच्या तक्रारी पुढे आल्या.

सरकारच्या म्हणण्यात तथ्य किती? नेट परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन फेलोशिप सर्वांना खुली आहे हे खरे. ओबीसी यादीतल्या मुस्लिमांना ओबीसींची राष्ट्रीय फेलोशिप मागता येते हेही खरे. पण एका विद्यार्थ्याने दोन फेलोशिप घेऊ नयेत यासाठी नियम पुरेसा असतो, त्यासाठी योजना बंद करावी लागत नाही. जे समूह ओबीसी यादीत नाहीत, ज्यांनी नेट उत्तीर्ण केली पण कनिष्ठ फेलोशिपची गुणमर्यादा थोडक्यात हुकली, त्यांच्यासाठी हीच एक वाट होती. केंद्रीय विद्यापीठांत नेट नसलेल्या संशोधकालाही महिना आठ हजार मिळतात. राज्य विद्यापीठात शिकणाऱ्याला केंद्राकडून तेही नाहीत. आणि हे नुकसान केवळ मुस्लिमांचे नाही. वसईचा विचार केला तर गावागावांतल्या कॅथलिक घरांतली आणि महापालिका हद्दीतल्या बौद्ध वस्त्यांतली मुलेही याच योजनेत येत होती.

राज्याच्या पातळीवर अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसींसाठी महाज्योती या संस्था पीएच.डी.साठी फेलोशिप देतात. अल्पसंख्याकांसाठी अशी संस्था असावी ही मागणी जुनी होती. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अल्पसंख्याक संशोधन व प्रशिक्षण संस्था, म्हणजे ‘मार्टी’, स्थापण्यास मंजुरी दिली. मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला ठरले. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण नावातला ‘संशोधन’ हा शब्द खरा ठरायचा तर इतर संस्थांच्या बरोबरीने, दरवर्षी ठरलेल्या तारखेला जाहिरात निघणारी आणि दरमहा खात्यात जमा होणारी फेलोशिप हवी. स्पर्धा परीक्षेचे वर्ग घेऊन भागणार नाही.

‘पीएच.डी. करून काय होणार?’

डिसेंबर २०२३ च्या नागपूर अधिवेशनात सारथीच्या फेलोशिपवर चर्चा सुरू असताना, पीएच.डी. करून ही मुले काय करणार आहेत, असा सवाल तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी विधान परिषदेत केला होता. त्यावर गदारोळ झाला. सवाल मात्र अनेक घरांत, मोहल्ल्यांतही विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर द्यायला हवे.

महाराष्ट्रातील मुस्लिमांच्या स्थितीवर राज्याने २००८ मध्ये डॉ. महमूदुर रहमान समिती नेमली. तिच्यासाठी संशोधन संस्थांतल्या अभ्यासकांनी काम केले आणि २०१३ मध्ये अहवाल आला. जुलै २०१४ मध्ये राज्याने मुस्लिमांतील मागास गटांसाठी पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश काढला. १४ नोव्हेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतील आरक्षणाला स्थगिती दिली, पण शिक्षणातील आरक्षण तूर्त राहू दिले. त्यासाठी आधार होता तो सच्चर, रंगनाथ मिश्रा आणि महमूदुर रहमान यांच्या अहवालांतील माहितीचा. पुढे सरकारने अध्यादेशाचे कायद्यात रूपांतर केले नाही आणि डिसेंबरमध्ये तो संपला. राजकारणाने घात केला, पण न्यायालयात जे टिकले ते आकड्यांमुळे टिकले. मोर्च्यातल्या घोषणेला न्यायालयात पुरावा म्हणून किंमत नसते. पीएच.डी. करून काय होते, त्याचे हे उत्तर आहे.

समाजाने काय करावे?

सरकारकडे बोट दाखवून समाजाची सुटका होत नाही. पहिली गोष्ट ऐकण्याची. आपला मुलगा किंवा मुलगी संशोधन करू लागली की मोहल्ल्याची अपेक्षा असते, तिने समाजाची बाजू मांडावी. संशोधनाचे काम ते नाही. वस्तीत मुलींना मशिदीत जागा आहे का, बिरादरीबाहेरच्या लग्नाला विरोध कोण करतो, ट्रस्टच्या कमिटीवर वर्षानुवर्षे तीच घराणी का असतात, शाळा सोडलेल्या मुलांत मुलगे जास्त का, हे प्रश्न विचारले जातील. त्यांची उत्तरे टोचतील. हा समाजाचा एहतिसाब आहे आणि तो टोचल्याशिवाय होत नाही. घरच्या अभ्यासकाला घरातूनच ‘शत्रूच्या हाती कोलीत दिले’ असे ऐकवले गेले, तर पुढची मुलगी या वाटेला जाणार नाही. मग समाजाविषयी तेच लिहितील ज्यांना समाजाशी देणेघेणे नाही.

दुसरी गोष्ट दप्तराची. मशीद, मदरसा, कब्रस्तान आणि जमातीच्या ट्रस्टांकडे जुन्या वह्या आहेत. दफनाच्या नोंदींतून साथीचे रोग कळतात, निकाहाच्या नोंदींतून लग्नाचे वय आणि स्थलांतर कळते. या वह्या कपाटातून काढून नीट ठेवाव्यात, शक्य तिथे त्यांची छायाचित्रे घ्यावीत, आणि नावे गुप्त ठेवण्याच्या अटीवर विद्यार्थ्यांना पाहू द्याव्यात. याला फार खर्च नाही.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि ती या महिन्याशी थेट जोडलेली आहे. कोकणी मुस्लिम ज्या शाफई मसलकाचे आहेत त्यातले तेराव्या शतकातले थोर फकीह इमाम नववी यांचे मत प्रसिद्ध आहे: दीनी ज्ञान मिळवण्यात गुंतल्यामुळे ज्याला कमाई करता येत नाही, अशा गरजूला जकात घेता येते. आजचे अनेक आलिम हे तत्त्व समाजाला गरजेच्या असलेल्या इतर विद्यांपर्यंत नेतात. याविषयी आपापल्या मुफ्तींना विचारावे. ज्यांना जकातीत शंका वाटते त्यांच्यासाठी नफिल सदका आणि इमदाद आहेच. त्यावर असे बंधन नाही. मुंबईत १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लामची स्थापना बद्रुद्दीन तय्यबजी आणि सहकाऱ्यांनी केली तेव्हाही आधुनिक शिक्षणावर समाजाचा पैसा खर्च करावा का, हा प्रश्न होताच. वसई-विरारमध्ये दर रमजानला राशन किट वाटणाऱ्या संस्था आहेत. त्यातल्या दोन-चार संस्थांनी मिळून वर्षाला एका संशोधक विद्यार्थ्याचा प्रवास, फी आणि सर्वेक्षणाचा खर्च उचलला, तरी पाच वर्षांत पाच प्रबंध या शहराच्या नावावर जमा होतील. विद्यार्थी मुस्लिमच असावा अशी अट सदक्याच्या पैशाला तरी घालू नये. अर्नाळ्याच्या कोळ्यांवर किंवा वसईच्या आदिवासी पाड्यांवर झालेले संशोधनही याच शहराचे आहे.

सीरतच्या ग्रंथांत बद्रच्या लढाईनंतरची एक हकिकत येते. ही लढाई हिजरी सन २ मध्ये, १७ रमजानला झाली. मक्केचे जे कैदी हाती आले त्यांच्याकडून खंडणी घ्यायची ठरले. ज्यांच्याकडे पैसे नव्हते पण लिहिता-वाचता येत होते, त्यांनी मदिनेच्या दहा मुलांना लिहायला शिकवावे आणि मोकळे व्हावे, असा निर्णय पैगंबर साहेबांनी दिला. मदिनेची वस्ती तेव्हा गरीब होती, पैशांची गरज मोठी होती. तरीही खजिन्यात येऊ शकणारी रक्कम सोडून अक्षरओळख घेतली गेली. शिक्षणावरचा खर्च परवडत नाही असे म्हणणाऱ्या सरकारने आणि समाजानेही या निर्णयाकडे पाहावे.

जनगणनेचे प्रगणक लवकरच दारावर येतील. ते घराच्या भिंती, नळ, शौचालय, माणसे आणि जात लिहून नेतील. हे आकडे धोरणासाठी अत्यावश्यक आहेत आणि प्रत्येक कुटुंबाने खरी, पूर्ण माहिती द्यावी. पण घरात तीन पदवीधर असूनही एकालाही नोकरी का नाही, गावाकडून आलेले कुटुंब तीन वेळा घर का बदलते, शेजारच्या इमारतीत मुस्लिम भाडेकरू का चालत नाही, हे त्या फॉर्मवर लिहिले जाणार नाही. त्यासाठी वही घेऊन पुन्हा दारात येणारा विद्यार्थी हवा. केंद्राने मौलाना आझाद फेलोशिप पुन्हा सुरू करावी, राज्याने मार्टीमार्फत संशोधनाच्या जागा आणि तारखा जाहीर कराव्यात, आणि वसई-विरारच्या जमातींनी या ईदपूर्वी आपल्या ताळेबंदात एका विद्यार्थ्याच्या नावाची ओळ घालावी. जकातीचा हिशेब मांडताना कागद समोर असतोच. एवढी एक ओळ त्यात वाढवायची आहे.